अनिमिष पहारा

गेल्या भाऊबीजेस मला ओवाळणी दोन ठिकाणी घालावी लागली. एक अक्काच्या तबकात, आणि दुसरी, त्यानंतर थोड्याच दिवसांनी, सरकारच्या तिजोरीत. पहिलीचा आकडा येथे सांगण्याजोगा नाही. दुसरीचा कायद्यानेच ठरवून दिलेला असल्याकारणाने तेथे भावाच्या ऐपतीचा अथवा मायेचा प्रश्नच उद्भवला नाही.

झाले ते असे. अक्का माझ्याहून नऊ वर्षांनी वडील. कुडाळपासून नऊ किलोमीटरांवर, महामार्गालगतच्या एका गावात तिचे सासर. आमचे वालावल महामार्गापासून बरेच आडबाजूस, कर्ली नदीच्या काठी. त्या दिवशी घरून निघावयास मला उशीर झाला. दारी आलेल्या पाहुण्यास ‘आता उठा’ असे सुचविण्याची विद्या मला या वयातही साधलेली नाही. भावाला ओवाळल्यावाचून अक्का अन्नाचा घास तोंडात घालीत नाही, हे मला ठाऊक होते. तेव्हा नेरूरवरून कुडाळ गाठून महामार्गास लागताच मी माझ्या लहानशा गाडीस जरा टाच मारली. अक्का ओटीवर उभीच होती. ‘आलास? सावकाश यायचे होतेस,’ एवढेच म्हणाली.

आठवडा लोटला असेल नसेल. एके सकाळी आमच्या सौभाग्यवती माझा भ्रमणध्वनी हाती घेऊन माजघरातून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “अहो, तुमच्या गाडीचे छायाचित्र आले आहे. चांगले स्पष्ट आहे हो!” खरोखरच स्पष्ट होते. गाडीचा क्रमांक, तारीख, वेळ, स्थळ, सारे काही व्यवस्थित. खाली दोन आकडे होते: अनुज्ञात वेग ताशी ६० किलोमीटर, प्रत्यक्ष वेग ७८.

मी छत्तीस वर्षे मुलांना गणित शिकविले. परीक्षेत दुसऱ्याच्या वहीत डोकावणारी मुले मी पुष्कळ पकडली. पकडला गेलेला प्रत्येक मुलगा प्रथम एकच वाक्य बोलत असे, “मास्तर, मी काय एकटाच होतो?” त्या सकाळी ते छायाचित्र पाहून माझ्या तोंडून पहिले वाक्य बाहेर पडले तेही नेमके हेच. आमच्या सौभाग्यवतींना या योगायोगाचे फार हसू आले. मला त्या वेळी मुळीच आले नाही.

वालावल ज्यांनी पाहिले नसेल त्यांस सांगावयास हवे की, वेग या वस्तूचा विचार करण्यास याहून अयोग्य स्थळ शोधून सापडणार नाही. लक्ष्मीनारायणाचे देऊळ, त्याला लागून विस्तीर्ण तळे, काठाने माडांच्या रांगा. संध्याकाळी पाण्यात उतरलेली झाडांची सावलीसुद्धा हलावयास तयार नसते. रस्ता म्हणाल तर चिऱ्यांच्या गडग्यांमधून वळणे घेत जाणारा, समोरून एखादे वाहन आले तर दोघांपैकी एकाने सौजन्य दाखविल्यावाचून सुटका नाही असा. अशा या गावी तिठ्यावरील चहाच्या टपरीत गेले वर्षभर ज्या विषयावर सर्वांत अधिक चर्चा झडत आहे, तो विषय म्हणजे महामार्गावरील वेग मोजणारी यंत्रे! कारण उघड आहे. गावातील निम्मी तरुण मंडळी चाकावर पोट भरतात. कोणी रिक्षा चालवितो, कोणी मासळीचा टेंपो गोव्यास नेतो, कोणी चिपीच्या विमानतळावरून प्रवासी मालवणास पोहोचवितो. हा विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला, तेव्हापासून या शेवटल्या वर्गाची संख्या वाढली आहे. या साऱ्यांची वाट अखेर महामार्गासच मिळते. तेथे कोठेतरी कडेला महामार्ग पोलिसांची गाडी उभी असते, आणि तिच्यातील यंत्राचा डोळा येणाऱ्याजाणाऱ्यावर रोखलेला असतो.

माझी दंडाची वार्ता तिठ्यावर माझ्या आधीच पोहोचली होती. मी बाकावर बसतो न बसतो तोच रिक्षावाला म्हणाला, “मास्तरानू, तुमका सुदां इलो? मग आमचा काय!” त्या उद्गारात सहानुभूती किती आणि समाधान किती, याचे प्रमाण काढण्याच्या भरीस मी पडलो नाही. हा रिक्षावाला वृत्तीने आनंदी. यंत्रांशी त्याचे वैर नाही. त्याचे म्हणणे, “आमच्या रस्त्यार खड्डे हत, तेच आमचे कॅमेरे. चाक आत गेला काय गाडी आपसूक उबी रवता. आनी दंड तो जाग्यारच, कमरेत!”

कोपऱ्यात एक निवृत्त एस्. टी. चालक नेहमी बसलेले असतात. ते फारसे बोलत नाहीत. त्या दिवशी मात्र बशीतला चहा संपवून म्हणाले, “लाल डब्याक कॅमेरो कित्याक व्हयो? ती पळता खय?” सारे हसले. पण या गृहस्थांनी उभ्या नोकरीत घाटातून गाड्या नेल्या आणि एकदाही कोणाला खरचटू दिले नाही, हे गावास ठाऊक आहे. त्यामुळे त्यांच्या विनोदावर हसतानाही पोरे किंचित अदबीने हसतात.

गंभीर तक्रार होती ती मासळीच्या टेंपोवाल्याची. हा माझा जुना विद्यार्थी, बुद्धीने तल्लख. परंतु नववीत घरची जबाबदारी अंगावर पडल्याने शाळा सुटली ती सुटलीच. निवतीच्या बाजूची मासळी बर्फात घालून तो गोव्यास पोहोचवितो. त्याने मला मुद्देसूद सांगितले. दंड गाडीच्या मालकाच्या नावे निघतो, मालक तो चालकाच्या पगारातून कापून घेतो. ज्याने उशीर झाल्यास ओरडावयाचे तोच वेग वाढविल्यास पैसे कापणार! “आनी बरफ, मास्तरानू, बरफ कोणासाठी थांबणा नाय. तो वितळलो काय माल पडलो. कॅमेरो वेग बगता. बरफ खय बगता?”

या प्रश्नास माझ्याजवळ चटकन उत्तर नव्हते. शिवाय त्याच्या बोलण्यातील एक गोष्ट मला मनोमन पटली होती. यंत्रास चालक दिसत नाही, गाडी दिसते. हा कायदा गाडीच्या कपाळी लिहिलेल्या क्रमांकास उत्तरदायी धरतो. त्या क्रमांकामागे मजूर कोण आणि धनी कोण, हे घरातले भांडण तो घरातच मिटवावयास सोडतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने वेगमर्यादा मोडणाऱ्या हलक्या वाहनास १,००० ते २,००० रुपये, आणि मध्यम व जड वाहनास २,००० ते ४,००० रुपये दंड सांगितला आहे. माझ्यासारख्या निवृत्तिवेतनधारकास ही रक्कम म्हणजे चार दिवसांची चिडचीड. ट्रिपेवर पोट असणाऱ्यास ती घरातील किराणा ठरते.

विमानतळावरील प्रवासी नेणारा तरुण मात्र या सर्वांस भोळे समजतो. त्याच्या भ्रमणध्वनीत म्हणे अशी सोय आहे की, पुढे यंत्र आहे हे आधीच कळते. “दिसलो काय पाय उचलूचो, गेलो काय परत दाबूचो. त्येत काय असा?” आणि वर पुष्टी अशी की, यंत्र हे माणसापेक्षा बरे: “कॅमेरो वळख दाखयना नाय, तसो चायय मागणा नाय.” या वाक्यावर टपरीत जो एकदम आवाज झाला त्यावरून, तक्रारी कितीही असोत, यंत्राचा हा गुण सर्वमान्य दिसला.

‘पाय उचलण्या’च्या या युक्तीने माझ्यातला मास्तर जागा झाला. मी त्याला विचारले, “तू मुंबईहून पुण्यास कधी गाडी नेली आहेस का?” नेली होती. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर, सुमारे ९५ किलोमीटरांच्या त्या सबंध अंतरात, जुलै २०२४ पासून वाहनांवर लक्ष ठेवणारी नवी यंत्रणा सुरू झाली आहे. तीत काही ठिकाणी वेग त्या क्षणाचा मोजत नाहीत. एका कमानीखालून तुम्ही गेलात ती वेळ, पुढल्या कमानीखालून गेलात ती वेळ, आणि दोहोंमधील अंतर, यांवरून सरासरी काढतात. समजा, दोन कमानींत दहा किलोमीटर अंतर आहे आणि मर्यादा ताशी शंभराची आहे. तर सहा मिनिटांच्या आत पलीकडे पोहोचणे हाच अपराध. कमानीजवळ तुम्ही कितीही सोज्ज्वळ चेहरा करून हळू गेलात तरी पाच मिनिटांचा हिशेब बदलत नाही. पाच मिनिटांत दहा किलोमीटर, म्हणजे ताशी १२० ची सरासरी. आणि सरासरी १२० असेल, तर मध्ये कोठेतरी, एका तरी क्षणी, गाडी बरोबर १२० ने धावलीच असली पाहिजे. यंत्राने तो क्षण पाहिला नाही. पण तो होता, हे गणित शपथेवर सांगते.

हे शेवटचे वाक्य म्हणजे कलनशास्त्रातील एक प्रसिद्ध प्रमेय होय. क्षणाची गती आणि काळाची गती यांतला हा भेद आपल्या देशास नवा नाही. शके १०७२ मध्ये, म्हणजे ११५० साली, ‘सिद्धान्तशिरोमणि’ रचणाऱ्या भास्कराचार्यांनी ग्रहांच्या संबंधात ‘तात्कालिक गती’चा विचार केला आहे. दिवसभराच्या गतीवरून चंद्राचे नेमके स्थान मिळत नाही, त्या त्या क्षणाची गती घ्यावी लागते, ही त्यांची अडचण होती. महामार्गाच्या कडेस उभी असलेली गाडी तुमची तात्कालिक गती पाहते, द्रुतगती मार्गावरील कमानी तुमची सरासरी पाहतात. मी हे तिठ्यावर समजावून सांगितले तेव्हा तो तरुण थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “म्हंजे मदी चाय पिवक थांबलंय तर सुटतंय!” उत्तर बिनचूक होते. असा विद्यार्थी वर्गात मिळाला असता तर मी त्याला पुढच्या बाकावर बसविले असते.

कडेच्या यंत्राचे काम कसे चालते, हेही त्यांनी विचारले. काही यंत्रे डोळ्यांस न दिसणाऱ्या प्रकाशाचे झोत गाडीवर फेकतात आणि ते परत येण्यास लागणारा काळ मोजतात. तो काळ क्षणोक्षणी जितका घटतो, तितकी गाडी जवळ आली. काही यंत्रे रेडिओलहरी वापरतात. त्यांचे तत्त्व आमच्या लोकांस कळावयास कुडाळ स्थानकावर उभे राहिले तरी पुरे. कोकण रेल्वेची न थांबणारी गाडी शिटी वाजवीत येते तेव्हा स्वर चढा ऐकू येतो, आणि ती पुढून निघून जाताच तोच स्वर एकदम उतरतो. ऑस्ट्रियाच्या डॉप्लर नामक पंडिताने १८४२ मध्ये मांडलेला हा नियम. गाडीवर आपटून परतलेल्या लहरीचा ‘स्वर’ किती चढला, यावरून वेग निघतो. क्रमांक वाचण्याचे काम छायाचित्रक करतो.

अशा यंत्राचा जनक कोण, हे कळल्यावर तर टपरीत चांगलीच करमणूक झाली. मॉरिस गॅट्सोनिडेस हा डच गृहस्थ स्वतः मोटारींच्या शर्यतींत उतरणारा होता. १९५३ ची माँटे कार्लोची शर्यत त्याने जिंकली. वळणावर आपली गाडी नेमकी किती वेगाने जाते हे कळावे, आणि कळून तो वेग आणखी वाढविता यावा, म्हणून त्याने हे मोजमापाचे साधन तयार केले. पुढे जगभरच्या पोलिसांनी ते उचलले! त्याच्याही आधीची गोष्ट सांगावयाची तर, १८९६ च्या जानेवारीत इंग्लंडातील केंट परगण्यात वॉल्टर अर्नोल्ड नावाच्या इसमास मोटार वेगाने हाकल्याबद्दल दंड झाला. गावातील मर्यादा ताशी दोन मैलांची, आणि याचा वेग आठ मैल. शिपायाने सायकलवरून पाच मैल पाठलाग करून त्याला धरले. निवृत्त एस्. टी. चालकांस हा शिपाई फार आवडला. यंत्राने दुरून बघून घरी कागद धाडण्यापेक्षा माणसाने धापा टाकीत गाठावे, यात त्यांना काहीतरी सरळपणा वाटला असावा.

त्यांच्या या पसंतीचा मी घरी येताना विचार करीत होतो. नलदमयंतीच्या आख्यानात स्वयंवराच्या वेळी चार देव नळाचेच रूप घेऊन उभे राहतात. दमयंतीने त्यांस ओळखले ते, इतर खुणांबरोबर, त्यांच्या डोळ्यांवरून. देवांच्या पापण्या लवत नाहीत. ते अनिमिष. नळाची पापणी लवली, आणि तिने त्याला माळ घातली. पापणी न लवणाऱ्याविषयी आपल्याला आदर वाटतो, भीती वाटते. जवळीक वाटत नाही. आमच्या वाहनचालकांचे या यंत्रावर जे मन बसत नाही त्याच्या मुळाशी दंडाइतकीच हीही गोष्ट आहे. पोलिसाला सांगता येते की, गाडीत बाळंतीण आहे. यंत्राला काय सांगावे?

तक्रारींतील काही रास्त आहेत, हे सांगितलेच पाहिजे. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्र सरकारने काढलेल्या नियमांत असे आहे की, यंत्र जेथे वापरावयाचे तेथे वाहनचालकांस आगाऊ सूचना देणारा फलक असावा. यंत्राच्या अचूकतेचे प्रमाणपत्र दरवर्षी नवे करून घ्यावे. आणि अपराधाची सूचना पंधरा दिवसांच्या आत पाठवावी. मला ती मुदतीत आली होती, त्याबद्दल तक्रारीस जागा नाही. फलकासंबंधी मात्र माझ्या मनात किंतु होता. म्हणून एके दिवशी मी मुद्दाम त्या स्थळी गेलो. साठाची मर्यादा सांगणारा फलक होता. परंतु पावसाळ्यात माजलेल्या रानवेलीने त्याचा अर्धा भाग गिळला होता. मी गाडी बाजूस उभी करून पाहिले. विजय मिळाल्यासारखे वाटले. तक्रारअर्जाची पहिली दोन वाक्ये मनात जुळलीसुद्धा. मग ध्यानात आले की, या रस्त्यावरून मी गेली कित्येक वर्षे जातयेत आहे, वेल या वर्षीची आहे, आणि येथे साठाची मर्यादा आहे हे मला अगदी चांगले ठाऊक होते. अर्ज लिहिला नाही.

आणखी एक गोष्ट ठाऊक होती. आणि तिच्यामुळेच हा लेख लिहीत आहे, नाहीतर दंड भरून गप्प बसलो असतो.

२०२१ च्या श्रावणात आमचे भावोजी, म्हणजे अक्काचे यजमान, त्याच महामार्गावर गाडीखाली सापडले. त्या वेळी त्या भागातले चौपदरीकरण झाले होते. पूर्वीचा रस्ता म्हणजे दोन बाजूंच्या घरांमधील अंगण होते. पलीकडच्या ओटीवरून अलीकडे हाक ऐकू येई. नवा रस्ता उत्तम झाला, मुंबई जवळ आली, गोवा जवळ आले, आणि समोरचे घर लांब गेले. भावोजी तिन्हीसांजेस बेल आणावयास पलीकडे निघाले होते. दुसऱ्या दिवशी सोमवार होता. कोणती गाडी होती, कोणाची होती, हे कोणीही पाहिले नाही. ती थांबली नाही. मोडलेल्या मांडीनिशी ते चौदा महिने अंथरुणावर होते, नंतर गेले.

मला अडविले गेले ते स्थळ तेथून दीड किलोमीटरांच्या आत आहे.

घरी बसून मी हिशेब केला. हिशेब करणे हा माझ्यासारख्याचा पश्चात्तापाचा प्रकार म्हणा. कुडाळ ते अक्काचे घर नऊ किलोमीटर. ताशी साठाने गेलो असतो तर नऊ मिनिटे लागली असती. अठ्ठ्याहत्तरने सात मिनिटांस थोडी कमी. वाचलेला वेळ दोन मिनिटे आणि पाच सेकंद. आता दुसरी बाजू. साठ आणि अठ्ठ्याहत्तर यांतील फरक अठरा, म्हणजे सेकंदाला बरोबर पाच मीटर. कोणी अचानक समोर आले, तर पाय गतिरोधकावर जाईपर्यंत एक सेकंद जातो. त्या एका सेकंदात माझी गाडी पाच मीटर अधिक पुढे जाणार, आणि हे गती कमी होण्यास प्रारंभही होण्यापूर्वी. वेग तीस टक्क्यांनी वाढला, पण आघाताची शक्ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते; ती वाढ एकोणसत्तर टक्के. हे सारे मी फळ्यावर शेकडो वेळा लिहिले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्याप्रमाणे मोटारीचा धक्का बसलेल्या पादचाऱ्याच्या मृत्यूचा संभव, मोटारीचा वेग ५० वरून ६५ वर जाताच साडेचार पटींनी वाढतो. २०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मरण पावली. त्यांत ३२,८२५ पायी चालणारी होती. एकूण मृत्यूंपैकी शेकडा ७१ च्या वर अतिवेगाच्या नावे नोंदले आहेत. पंचनाम्यात अतिवेग हे कारण लिहिणे सोपे असते, हे मान्य करूनही आकडा लहान होत नाही.

तिठ्यावरील चर्चेत मी इतके दिवस बसत होतो, पण एक गोष्ट माझ्या ध्यानी आली नव्हती. तेथे मते देणारे आम्ही सारे गाडीत बसणारे होतो. बर्फाची बाजू मांडली गेली, विमानाची मांडली गेली, खड्ड्यांची मांडली गेली. रस्ता ओलांडण्यासाठी कडेला उभ्या असलेल्या माणसाची बाजू कोणी मांडली नाही. मी तर नाहीच नाही.

मार्गशीर्षात अक्काकडे गेलो तेव्हा तिला सर्व सांगितले. ती भाजी निवडीत होती. ऐकत राहिली. मला वाटले, रागावेल. निदान ‘माझ्यासाठी कशाला धावलास’ असे तरी म्हणेल. तिने विचारले ते निराळेच.

“त्या यंत्राला तुझा नंबर दिसला?”

“हो. छायाचित्रच काढते ते.”

“पुढचे-मागचे सगळ्यांचे?”

“मर्यादा मोडील त्याचे.”

ती थोडा वेळ थांबली. मग म्हणाली, “त्या दिवशी असते, तर कळले असते कोण ते.”

“अक्का, सापडता तर शिक्षा झाली असती त्याला,” मी म्हणालो.

“शिक्षेचे नव्हे रे. हे चौदा महिने विचारीत होते. त्याने गाडी वळविली होती म्हणे, ऐन वेळी. यांना आठवत होते तेवढे. कडेच्या चरात गेली की काय, त्याला लागले की काय, सारखे मनात घेऊन होते. मी सांगायचे, काही नाही झाले हो त्याला, नीट गेला तो. पण मला तरी कुठे ठाऊक होते?”

एवढे बोलून तिने निवडलेली भाजी उचलली आणि ती आत गेली.

हे संभाषण मी तिठ्यावर जसेच्या तसे सांगितले नाही. सांगण्याचा धीर झाला नाही, आणि तसा प्रसंगही आला नाही. भावोजींचा अपघात सर्वांस ठाऊक होताच. फक्त एकदा, यंत्र ही सरकारची कमाईची युक्ती आहे असे कोणी म्हणाले तेव्हा, मी एवढेच बोललो की, मी दंड भरला आहे आणि तो मला महाग पडलेला नाही. टेंपोवाल्याने माझ्याकडे पाहिले. काही बोलला नाही.

पुढे पौषात माझी गाडी दुरुस्तीस गेली होती आणि अक्कास बरे नसल्याचा निरोप आला. एस्. टी. ची वेळ टळली होती. तोच टेंपोवाला माल घेऊन गोव्याकडे निघाला होता. त्याने मला शेजारी बसवून घेतले. मासळीच्या गाडीतून उतरलेल्या भावास अक्का आधी न्हाणीघराची वाट दाखविणार, हे मी त्याला सांगितले तेव्हा तो मनमोकळा हसला. कुडाळ सोडून आम्ही महामार्गास लागलो. त्याचे लक्ष पुन्हा पुन्हा घड्याळाकडे जात होते. पण काटा साठावर होता. यंत्राची गाडी त्या दिवशी कोठेच दिसली नाही.

अक्काचे गाव आले. मला काही दिसण्यापूर्वीच त्याने वेग आणखी कमी केला, मागच्यांसाठी दिवे लुकलुकते केले आणि गाडी कडेला घेऊन थांबविली. समोर, दोन्ही रस्त्यांच्या मधल्या दुभाजकातील फटीत, डोक्यावरून पदर घेतलेली अक्का उभी होती. हातात औषधाची पिशवी. अर्धा रस्ता तिने ओलांडला होता, उरलेला ओलांडावयास संधी मिळत नव्हती. एकामागून एक गाड्या जात होत्या. ती प्रत्येक वेळी एक पाऊल पुढे टाकी आणि मागे घेई. तेथे ती किती वेळ उभी होती कोण जाणे.

मी दाराशी झटापट करू लागलो. त्याने माझ्या हातावर हात ठेवला.

“मास्तरानू, तुमी बसा. मी घेवन येतंय आजयेक.”

तो उतरला. एक हात वर करून रस्त्यात पुढे झाला. येणारी एक मोटार कर्णा वाजवीत थोडी अलीकडे थांबली, तिच्या मागे दुसरी थांबली. तो अक्काजवळ पोहोचला, तिच्या हातातली पिशवी घेतली, आणि तिच्या पावलाशी पाऊल जुळवीत परत निघाला. अक्का सावकाशच चालते. मी आरशातून मागे पाहिले. टेंपोच्या मागच्या फळीखालून बर्फाचे पाणी रस्त्यावर ठिबकत होते.